डोहाअलीकडची लगोरी

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. उन्हाळ्यात आलेलं ते पत्र थंडी पडली तरी टेबलावर होतं.

"फोन करू नकोस," तिनं लिहिलं होतं. "मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. एवढंच कळव, यांचा तो डोह मला बघायला मिळेल का? शेवटच्या खेपेलाही तिथे पोहून आले. पाणी बर्फासारखं होतं म्हणाले, आणि पंधरवड्यात गेले. थंडी सरली की मुलगा मला त्याच्याकडे नेणार. मग काही येणं व्हायचं नाही."

दाजींबरोबर मी त्या डोंगरांत एकदाच गेलो होतो, तेही तरुणपणी. मला आठवत होती फक्त माझी धाप. न बघता हो म्हणवेना, न बघता नाही म्हणवेना. जन्मभर ग्रंथालयात लोकांना पुस्तकं शोधून दिली, पण हे कुठल्या कपाटात सापडणार? शेवटी एका शनिवारी पहाटेची बस धरली.

पायथ्याशी एक खाणावळ आहे, वर झोपायला खोल्या. मालकीणबाईंनी माझी पिशवी उचलून पाहिली.

"आजोबा, दगड भरलेत की काय? अगं बाई, पुस्तकं! वर वाचनालय काढताय?"

"एकच आहे," मी म्हणालो. दोन होती.

दाजी मोजणी खात्यात होते. वाट फुटेल तिथे ते दगडांची लगोरी रचायचे आणि उतरताना एकेक मोडत यायचे. "आयुष्यभर लोकांच्या हद्दीत दगड पुरले," म्हणायचे, "निदान इथे तरी मागे काही ठेवायचं नाही." त्यामुळे वाट शोधायला त्यांची काही खूण मिळेल, अशी आशाच नव्हती.

पण पहिल्या शिखराखाली, झाडी दाट होते तिथे, लगोरी उभी होती. खाली रुंद चपटा दगड, वर त्याहून लहान, डोक्यावर पांढरी गारगोटी. त्यांचीच. मी मूर्खासारखा खूश झालो. पुढच्या फाट्यावर दुसरी दिसली. तिसरीपाशी धुकं इतकं उतरलं की ती हातानं चाचपावी लागली, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. या मोडल्या का नाहीत?

शेवटची एका मोठ्या खडकाला लागून होती. दोनच दगड. गारगोटी बाजूला मातीत पडली होती. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, पाणी दिसत नव्हतं. मी बसून, घसरत, हात टेकत खाली गेलो. कातळात कोरल्यासारखे एकाखाली एक डोह, काळे आणि स्तब्ध. पाय बुडवले. थोड्याच वेळात ते माझे वाटेनात.

संध्याकाळी मालकीणबाईंना दाजींबद्दल विचारलं.

"मोजणीसाहेब? गेल्या खेपेला ते मागच्या रस्त्यानं आले हो. लाकूडवाल्यांच्या ट्रकमधून. चेहरा कागदासारखा. म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणे, घरी कळू देऊ नका, ती पुन्हा सोडायची नाही."

"केस ओले होते का?"

"घामानं. का?"

"तो रस्ता कुठवर जातो?"

"त्या मोठ्या खडकापर्यंत जीप जाते की. पुढची उतरण मात्र गुडघे शाबूत असलेल्यांनीच उतरावी. तुम्ही कसे गेलात देव जाणे."

रविवारी मी मागच्या रस्त्यानं चढलो. खरंच जीपजोगा होता. ताई खडकापर्यंत येऊ शकली असती. पण हा रस्ता तुला कसा कळला, असं तिनं विचारलं की संपलं. तिला फसवणं मला लहानपणीही जमलं नव्हतं. रस्ता सांगायचा तर ट्रक सांगावा लागणार, आणि ट्रक सांगितला की तिचं ते बर्फासारखं पाणी गेलं.

खडकापाशी गारगोटी उचलली. दोन दगडांवर ठेवली असती आणि खाली पाण्याकाठी आणखी एक लगोरी रचली असती, तर दाजी पोहोचले असते. कुणाला कळणार होतं? गारगोटी हातात गरम होईपर्यंत मी उभा राहिलो. मग होती तिथेच, तिच्या मातीतल्या खळग्यात परत ठेवली.

खाणावळीच्या टेबलावर लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा ठेवला.

"ताई, डोह आहे. पण त्या खेपेला दाजी तिथवर गेले नव्हते. अलीकडच्या खडकापाशी त्यांना बरं वाटेना, तिथून ट्रकनं खाली आले. पोहल्याचं तुला सांगितलं, ते तू काळजी करू नयेस म्हणून. खडकापर्यंत जीप जाते. डोह तिथून दिसत नाही, नुसतं पाणी ऐकू येतं. तुला किती येईल ठाऊक नाही. ते थांबले तिथपर्यंत तुला नेऊ शकतो, त्यापुढे नाही. रागावलीस तरी ये. मी गाडी सांगून ठेवतो."

बसथांब्यावर टपालपेटी होती. पाकीट आत टाकलं. लगेच बोटं घालून पाहिली, पोहोचत नव्हती.

बस आली तेव्हा डोंगर धुक्यात गेले होते.