इनायतुल्लाची मुखत्यार

"इनायतभाऊ बरे आहेत ना?" मुखत्यारपत्र चाळता चाळता कारकून किशोरनं सहज विचारलं. "नाई म्हनजे, मालक जिता असेपर्यंतच हे पत्र चालते. तो गेला का मंग वारसाची नोंद, नवा अर्ज. साल गेलंच समजा."

"हाव, बरे आहेत," सईदा म्हणाली. तिचा नवरा इनायतुल्ला अमरावतीच्या दवाखान्यात परवापासून बेशुद्ध होता.

मोर्शीच्या या कचेरीत शेततळ्याच्या अनुदानाचं हमीपत्र द्यायची आज शेवटची तारीख. विहिरीनं तळ गाठलेला, संत्र्याची झाडं पिवळी पडलेली. यंदाच्या पावसाआधी तळं खोदलं नाही तर बागेचं सरपण होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑपरेशनला जाताना नवऱ्यानं मुखत्यारपत्र भावाच्या नावानं नाही, तिच्या नावानं केलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "बाग तिनंच वाढवली," एवढंच तो म्हणाला होता.

तिनं पेन उचललं आणि फोन वाजला. शाकीबचा. धाकटा दीर, भावाच्या उशाशी बसलेला. तो एरवी मेसेज टाकायचा. फोन केला म्हणजे संपलंच सगळं. सईदानं फोन टेबलावर उपडा ठेवला.

"उचला ना, ताई," किशोर म्हणाला.

"आधी सई करू द्या मले."

फोन उचलला नाही तर आपल्याला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तर सही खोटी नाही. असला विचार करणाऱ्या स्वतःची तिला शिसारी आली. मेला असेल तो, आणि ही बाई त्याच्या नावानं पानं उलटतेय! तरी हात थांबला नाही. फोन वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. तिनं शेवटच्या पानावर सही केली. किशोरनं शिक्का मारला.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला. शाकीब हुंदके देत होता.

"भाभी, फोन काहून नाई उचलला? भाईजान शुद्धीवर आले होते."

तोंडावरचा मास्क सारून इनायतुल्लानं तिलाच मागितलं होतं. शाकीबनं फोन त्याच्या कानाशी धरला, दोन्ही वेळा. तो नुसती रिंग ऐकत राहिला.

"आन आता?"

"आता गेले, भाभी."

सईदानं फोनवरचे न उचललेले दोन कॉल पाहिले. सही खरी होती. ती केली तेव्हा तो जिता होता आणि तिच्या आवाजाची वाट पाहत होता.