भुईशी जुळलेलं घर

"अहो सुहासिनीताई, तिथंच थांबा! पाऊल उचलू नका."

"अगं बाई! भुईला काय बाळंतपण आलंय, एवढं जपायला?" तळमजल्यावरच्या सुहासिनीताई भाजीची पिशवी सावरत फाटकातच थबकल्या.

उत्तम हसला नाही. बाळकुमच्या त्या सातमजली इमारतीच्या आवारात, फरशी उचकटून, त्याने मातीवर डब्याएवढं यंत्र बसवलं होतं. भुई कधीच गप्प नसते. लांबच्या गाड्या, खाडीचं पाणी, वारा, सगळ्यांनी ती बारीक थरथरत असते. ती थरथर अर्धा तास ऐकली, की खालचा थर भूकंपात कसा हलेल याचा अंदाज येतो. तेवढा वेळ जवळपास कुणी चालायचं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं उत्तम हेच करत आला होता. लोकांना थोपवायचं, आपणही खांबासारखं उभं राहायचं. खोकला आला तरी गिळायचा.

आज मात्र नजर सारखी वर जात होती. चौथ्या मजल्यावर त्याची रुचिता नांदत होती. स्थळ त्यानेच पाहिलेलं. 'पक्कं घर आहे,' एवढ्यावर होकार दिलेला.

वेळ संपली. प्रयोगशाळेच्या आसावरी मॅडमनी लॅपटॉपवर इमारतीच्या थरथरीचा, सकाळी गच्चीवर घेतलेला आलेख उघडला आणि त्याखाली हा भुईचा ठेवला. दोन्हींचं शिखर एकाखाली एक.

"जुळलं," त्या हळूच म्हणाल्या.

रुचिताची पत्रिका बघून गुरुजी हाच शब्द बोलले होते. त्या दिवशी उत्तमने पेढे वाटले होते.

"म्हणजे, पडेल?"

"तसं नाही म्हणता येणार. पण खाली खाजणाचा चिखल, वर भराव. इमारतीचा आणि भुईचा झोका एकच आहे. भूकंप आला तर ही शेजारच्यांपेक्षा जास्त हलेल. खांब तपासावे लागतील. कदाचित घरं रिकामी करायला लागतील." त्यांनी नोंदवही उघडली. "उत्तमराव, मघाशी त्या बाई मध्येच चालल्या का? तसं असेल तर हे मापन बाद. उद्या यंत्र टिटवाळ्याला जाणार, इथं परत येणं व्हायचं नाही."

नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश. वहीत 'गोंगाट' एवढा एक शब्द पडला असता, आणि लेकीचं घर पक्कं राहिलं असतं. कागदावर तरी.

"बाबा, झालं का?" वरून रुचिताची हाक आली. "या ना जेवायला! काय निघालं आमच्या खाली?"

उत्तमने मान वर केली नाही.

"नाही मॅडम. कुणी हललं नाही. बरोबर आहे ते."

यंत्र पेटीत ठेवून तो चार मजले चढला. ताटाकडे बघतच त्याने सगळं सांगितलं.

"मग आम्ही जायचं कुठं, बाबा?"

"मीच जुळवलं गं हे," तो म्हणाला.

रुचिताने भात वाढला, त्यावर वरण घातलं.

लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, ही रीत त्याने पाच वर्षं पाळली होती. हात धुऊन तो म्हणाला, "आज मी इथंच राहतो."

तिने कपाटातून चादर काढली आणि भर दुपारीच अंथरायला घेतली. दुसरं टोक त्याने धरलं.