समोर काय दिसतंय?

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या गावात सतरा डबे चालू होते. अकरा वीसला नऊ राहिले. अकरा तीसला एकही नाही.

डबा म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र. लोक ते घरच्या इंटरनेटला जोडून ठेवतात आणि ते दर दहा मिनिटांनी आमच्याकडे, म्हणजे इंटरनेट कुठे बंद पडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, एक खूण पाठवतं. खूण आली नाही की पडद्यावर त्या घराचा ठिपका राखाडी होतो. तो का झाला, हे पडदा सांगत नाही. ते बाई शोधून काढत.

बाईंनी एकोणीस वर्षं टेलिफोन कार्यालयात तक्रारी घेण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजायचा कंटाळा आला म्हणून त्या आमच्याकडे आल्या. मी भौतिकशास्त्र शिकून आलेली, म्हणून मला 'शास्त्रज्ञ' म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका घरी फोन करायला लावला होता. मी विचारलं, "लाईट आहे ना?" पलीकडून "हो" आलं. बाईंनी रिसीव्हर माझ्या हातून काढून घेतला.

"शास्त्रज्ञ, 'आहे ना' विचारलंस की माणूस हो म्हणतो. 'नाही ना' विचारलंस तरी हो म्हणतो. माणसाला हो म्हणायला फुकट पडतं. विचारायचं, समोर काय दिसतंय. मग गप्प बसायचं."

डबे बंद पडले त्या दिवशी गावच्या नदीला पूर होता. वरच्या धरणाचे दरवाजे न सांगता उघडले म्हणून लोक दोन दिवस पुलावर ठाण मांडून बसले होते, आणि सकाळी दगडफेक झाली होती. बारा वाजता सरकारी निवेदन आलं: पुरामुळे वीज गेली, वीज गेल्यामुळे इंटरनेट बंद आहे. निवेदन खरं असेल, तर कुणाचाच दोष नव्हता. गावात वीज असूनही इंटरनेट गेलं असेल, तर ते कुणीतरी बंद केलं होतं.

आमच्या नोंदी घेऊन कोर्टात जाणाऱ्या वकीलबाईंनी तातडीची सुनावणी मिळवली होती, दुपारी चार वाजता. त्या फोनवर म्हणाल्या, "धरणातून सहा वाजता पुन्हा पाणी सोडणार आहेत. इशारा मोबाईलवर येतो. नेट नसेल तर खालच्या गल्ल्यांना कळणार कसं? मला दोन घरांची खात्री द्या."

दोन घरं, हा आमचाच नियम. एका घराच्या सांगण्यावर आम्ही 'बंद केले' असं लिहीत नाही.

सतरापैकी पाच घरांत जुना तारेचा फोन होता. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिला नंबर फिरवला. घंटीच गेली नाही. दुसरा एका निवृत्त गुरुजींचा. घंटी जात होती, उचलत कुणी नव्हतं. तिसरा शिवणकाम करणाऱ्या बाईंचा.

"समोर काय दिसतंय?"

"समोर? ब्लाऊज दिसतोय, बाही उलटी लावलेला."

"आणि डोक्यावर?"

"पंखा. फिरतोय, पण वाऱ्याचं तेवढं विचारू नका. मशीनची मोटर पण चालू आहे. मोबाईल मात्र मेलाय सकाळपासून. काय झालंय हो?"

"तेच बघतोय," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: एक.

चौथा नंबर बंद होता. पाचव्याच्या आधी बाई पाणी प्यायल्या. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हा नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. तो त्यांच्या धाकट्या भावाचा होता. औषधाचं दुकान, वर घर, गाव नदीकडे उतरतं त्या गल्लीत. डबाही बाईंनीच त्याच्या गळ्यात मारला होता.

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"बाळ्या!" बाई ओरडल्याच. बाळ्या बावन्न वर्षांचा होता. "बाळ्या, तू बरा आहेस ना?"

"हो."

"घरात लाईट आहे ना?"

"हो, हो. ताई, तू उगाच... ताई, ऐक..."

मग काहीच नाही. बाईंनी पुन्हा फिरवला. घंटी नव्हती. रिसीव्हर कानाला लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. नुसत्या आवाजावरून तार कुठे मेली ते त्यांना कळायचं.

"पाण्यात गेली," त्या म्हणाल्या.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी वहीत 'दोन' लिहायला घेतलं.

"लिहू नकोस."

"बाई, ते स्वतः हो म्हणाले."

"मी म्हणायला लावलं." त्यांचा आवाज चढला नाही. "आहेस ना, आहे ना. दोन्ही वेळा 'ना'. कालच्या पोरीनं असं विचारलं असतं तर मी तिला धारेवर धरलं असतं."

"पण तारेचा फोन लागला म्हणजे..."

"तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून जाते. घरात काळोख असला तरी तो लागतो. हे मीच शिकवलंय ना तुला?"

तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. मी आगाऊपणे सांगून टाकलं की बाईंचा भाऊ लाईट आहे म्हणाला.

"मग झाले की दोन! अहो बाई, तुमचा सख्खा भाऊ खालच्या गल्लीत आहे. सहाला पाणी येतंय. तुम्ही एका शब्दासाठी अडून बसलात?"

बाईंनी डोळे मिटले. 

"खालच्या गल्लीत आहे म्हणूनच मी त्याला नीट विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "एकच धरा. मी दुसरं शोधते."

फोन ठेवून त्यांनी पुन्हा गुरुजींचा नंबर फिरवला. वीस घंट्या. पुन्हा. वीस घंट्या. तीन वाजून बत्तीस मिनिटांनी कुणीतरी धापा टाकत रिसीव्हर उचलला.

"कोण आहे? गच्चीवर होतो, पाणी बघत. आमचं घर टेकाडावर, गच्चीच्या पायऱ्या चौतीस."

बाईंनी एक श्वास घेतला. "गुरुजी, डब्यावाल्या बाई बोलतेय. समोर काय दिसतंय?"

"समोर टेबल. त्यावर दिवा, लावलेला. रेडिओ लावलेला, पण तो ऐकू येतो, दिसत नाही. चालेल?"

"चालेल." बाईंनी दोन लिहिलं आणि ते पान माझ्याकडे सरकवलं. मी लगेच वकीलबाईंना पाठवलं. पण बाईंनी फोन ठेवला नव्हता. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"गच्चीवरून औषधाच्या दुकानाची गल्ली दिसते?"

"दिसते."

"काय दिसतंय?"

"पाणी. दुकानाचं शटर निम्मं बुडालंय. विजेचा खांब आडवा पडलाय. तिथली वीज सकाळीच गेली, आमची तेवढी राहिली."

बाईंनी विचारलं, "आणखी?"

"आणखी काही नाही दिसत, बाई."

"गुरुजी, सहाला पुन्हा पाणी सोडतायत. खालच्या लोकांना सांगता येईल?"

"सांगता? चाळीस वर्षं वर्गावर ओरडलोय. गच्चीवरून ओरडतो."

चार वाजता सुनावणी सुरू झाली. सरकारी वकिलांनी पहिल्यांदा एक फोटो पुढे केला: आडवा पडलेला खांब, मागे अर्धं बुडालेलं शटर. "हे बघा, गावात वीज नाही." वकीलबाईंनी आमचं पान वाचून दाखवलं. शिवणाचं घर, वीज आहे. गुरुजींचं घर, वीज आहे. औषधाचं दुकान, माहिती ग्राह्य नाही. नंतर त्यांनी मला फोन केला. "तिसरं तुम्ही मोजलं असतं ना, तर सगळं पानच फाडलं असतं त्यांनी." बाईंना फोन देऊ का, मी विचारलं. वकीलबाई नको म्हणाल्या.

पाच वाजता नेट चालू करायचा आदेश निघाला. पाच चाळीसला पहिला ठिपका हिरवा झाला. शिवणवाल्या बाईंचा. पाच पन्नासला अकरा होते. सहा वाजता सोळा. त्या वीस मिनिटांत खालच्या गल्ल्यांतल्या दोनशेहून जास्त मोबाईलवर इशारा पोचला, आणि जी माणसं निघू शकत होती ती टेकाडावर शाळेत गेली.

बाई त्या दिवशी घरी जाताना पिशवी विसरल्या. दुसऱ्या दिवशी गावचा रस्ता बंद होता. शाळेतल्या माणसांची यादी आली. तिच्यात त्यांच्या भावाचं नाव नव्हतं. पण यादी अपुरी आहे, असं तिच्याखालीच लिहिलं होतं. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि दुसऱ्या एका गावचा फोन घेतला. तिथे वादळ झालं होतं.

"समोर काय दिसतंय?" त्या विचारत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी एक्स्चेंजमधून त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा निरोप आला की त्या गल्लीची तार जोडली आहे. बाईंनी नंबर फिरवला. मी घड्याळ धरलं. मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं:

औषधाचं दुकान. दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं. तार चालू. घंटी जाते. साठ घंट्या. उत्तर नाही.