पेशंटची फळं

आमचं फळांचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकाला लागून आहे. दुकान कसलं, वर पत्रा, खाली तीन फळ्या आणि एक स्टूल. स्टुलावर बसायच्या जाऊबाई, मी उभी. धाकटी ना मी! दुसरं स्टूल आणू या म्हटलं की म्हणायच्या, "नको गं बाई. तू बसलीस की गिऱ्हाइकाशी निवांत भांडशील. उभी असलीस की जरा लवकर आटपतेस."

फळ निवडावं तर जाऊबाईंनीच. आत कोण आहे, काय झालंय, एवढं विचारायच्या आणि हात बरोबर त्या फळावर जायचा. पण स्वतः? लग्न होऊन आल्यापासून पाहत होते मी, दुकानातलं एक ताजं फळ या बाईनं तोंडात घातलं नव्हतं. खा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "ही पेशंटची फळं. मला काय झालंय?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. फळ पाहिलं ते फाटकातून आत जाताना, नाहीतर परत येताना. हो, परत येतात. आतलं माणूस गेलं की घरचे लोक बाहेर पडताना पिशवी आमच्या फळीवर ठेवतात. घरी नेववत नाही आणि फेकवतही नाही. ठेवतात आणि चालू लागतात. ती फळं पुन्हा विकायची नाहीत, हा जाऊबाईंचा नियम. घरी न्यायची, चिरायची आणि भरपूर साखर घालून आटवायची.

थोरले भावजी याच हॉस्पिटलात गेले. त्यांच्या उशाशी ठेवलेली पिशवी जाऊबाई स्वतः परत घेऊन आल्या, तिचा पाक केला आणि रडत रडत एकटीनंच संपवला. तेव्हापासून परत आलेल्या प्रत्येक पिशवीचं तेच. "आटवलं की कुणाचं होतं ते कळत नाही," म्हणायच्या. दोन्ही जेवणांना वाटीभर पाक लागायचाच.

मग पाय सुजायला लागले. जिना चढताना मध्येच थांबायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "तू पुढे हो, मी जरा भिंत बघते." भिंतीत काय बघण्यासारखं होतं, डोंबल! शेवटी हाताला धरून आत नेलं. डॉक्टरीणबाई आमच्याच गिऱ्हाईक, रोज पपई न्यायच्या. त्यांनी तपासण्या केल्या. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं, हृदय थकलेलं.

"मोठ्या बाई, फळं खाता ना?" त्यांनी विचारलं.

"रोज खाते," जाऊबाई म्हणाल्या.

"छान."

माझं टाळकंच फिरलं. "कसलं छान? अहो, या फळं खात नाहीत, साखर खातात साखर! वाटी वाटी पाक!" जाऊबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दिला तर दिला, मी सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पाळी गेली की बायकांच्या हृदयालाही जपावं लागतं. हा पुरुषांचा आजार म्हणून कुणी लक्ष देत नाही. पाक बंद. रसही नको, रसात चोथा राहत नाही. अख्खं फळ, चावून खायचं, दिवसाला एक-दोन. गोळ्या चालूच ठेवायच्या हं, फळ म्हणजे काही जादू नाही. थोडं आधीपासून झालं असतं तर..." आणि त्या थांबल्या. ते थांबणं मला आवडलं नाही.

जाऊबाईंनी पाक सोडला, तोही कुरकुरत. पण फळ? पालथ्या घड्यावर पाणी. मी सफरचंद चिरून हातात द्यावं, यांनी ते येणाऱ्याजाणाऱ्याला द्यावं. एका दुपारी मला राहवलं नाही. भर गिऱ्हाइकांत ओरडले, "जायचंय ना भावजींकडे? जा! मला इथं एकटीला उभी ठेवून जा!" आणि तिथंच रडायला लागले. मला ना सासू, ना मूलबाळ. आजारपणात माझ्या डोक्यावर हात ठेवणारी हीच एक बाई होती.

जाऊबाईंनी फळीवरचं एक सफरचंद उचललं, पदरानं पुसलं आणि चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. त्या चावता चावता थांबल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे असं लागतं?"

"असं म्हणजे कसं?"

"करकरीत! आणि जरा आंबट."

मला हसू फुटलं. केस पांढरे झाले फळं विकता विकता, आणि या बाईला सफरचंदाची चव माहीत नव्हती.

मग काय विचारता! रोज स्टुलावर बसून खाणं सुरू झालं. एक दिवस पेरू, एक दिवस संत्रं. "दातात बिया अडकतात गं," म्हणून तक्रार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरूच. साखर उतरली, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. परत आलेल्या पिशव्यांचा पाक आता मी करायचे आणि मीच खायचे. टाकवत नव्हतं ना.

पण हृदय आधीच थकलेलं होतं. वरातीमागून घोडं निघालं होतं आमचं. एका सकाळी जाऊबाई पेरू चिरता चिरता स्टुलावरून खाली कोसळल्या. आमच्या यांनी आणि वॉचमननं उचलून त्याच फाटकातून आत नेलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण आमच्याच दुकानातून फळं घेऊन येत होता. जाऊबाईंनी उशाशी टांगलेली पिशवी पाहिली आणि हसल्या. "आता झाले ना पेशंट? आता कुणाची हरकत?" पण चावायची ताकद राहिली नव्हती. मी सफरचंद किसून चमचा पुढे केला, तर मान फिरवली.

"तू खा. माझ्या कानाशी बसून खा. आवाज येऊ दे."

मी चावा घेतला. आवाज आला. घास मात्र गिळवेना.

"ही पिशवी परत नेशील ना," त्या म्हणाल्या, "तिचा पाक करू नकोस. तशीच खा. तूही काही लहान राहिली नाहीस."

"गप्प बसा हो," मी खेकसले. "घरी येऊन तुम्हीच खा." त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

हे कागदांवर सह्या करत आत थांबले. मी पिशवी घेऊन बाहेर आले. फळीवर ठेवायला गेले आणि लक्षात आलं, ती उचलून घरी नेणारं आता कुणी नाही. स्टूल रिकामं होतं. मला बसवेना.

तेवढ्यात एक बाई आली. जाऊबाईंच्याच वयाची, धापा टाकत. "नवऱ्याला ॲडमिट केलंय. चार चांगली सफरचंदं द्या हो."

मी निवडून दिली. मग जाऊबाईंच्या पिशवीतलं एक काढलं, पदरानं पुसलं आणि तिच्यासमोर धरलं. परत आलेलं विकायचं नाही, एवढाच नियम होता. द्यायचं नाही, असं जाऊबाई कधी म्हणाल्या नव्हत्या.

"हे तुमचं. इथंच खा."

"मला?" ती म्हणाली. "मला काय झालंय?"

मी स्टूल पुढे ओढलं.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "म्हणूनच खा. खाल्ल्याशिवाय आत जाऊ देणार नाही मी तुम्हाला."

माझा चेहरा पाहून घाबरली असावी बिचारी. निमूट बसली. कर्रकन चावा घेतला. मग मी पिशवीतलं दुसरं सफरचंद काढलं आणि तिच्याशेजारी उभी राहून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, अख्खं खाल्लं.