एका चांदणीची तक्रार

लोकांच्या हातात फोन आला की त्यांच्या अंगात येतं. समोरासमोर ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो रिव्ह्यू लिहायला बसला की काय बरसतो म्हणून सांगू. उचलली जीभ लावली टाळ्याला. हे मी ऐकीव सांगत नाही, माझी नोकरीच ती आहे. आमची कंपनी फोनमधलं गजराचं ॲप बनवते आणि ते वापरणाऱ्यांच्या शिव्यांना गोड उत्तरं मी देते. ‘गजर वाजला नाही, माझा इंटरव्ह्यू हुकला.’ वाजलेला असतो. पठ्ठ्याने झोपेत बंद केलेला असतो. पण तसं लिहायची सोय नाही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ लिहायचं आणि मूग गिळून बसायचं.

कामाची रीत अशी. चार किंवा पाच स्टार देणाऱ्याचे आभार मशीनच मानतं, तेही क्षणात. त्याहून कमी दिले की ती तक्रार माणसाकडे येते, म्हणजे माझ्याकडे, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसकडे. उत्तराखाली खरं नाव घालायचं नाही, कारण चिडलेली माणसं शोधत घरापर्यंत पोचतात. म्हणून टोपणनाव. मी ‘टिकटिक’ घेतलं. घड्याळाच्या ॲपला साजेसं म्हणून ते सगळ्यांना आवडलं. खरं तर ते बाबांनी ठेवलेलं. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लहानपणी मी स्टुलावर बसून अखंड बडबडायचे. ‘एक वेळ भिंतीवरची सगळी घड्याळं थांबतील, पण ही टिकटिक थांबायची नाही,’ असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

त्याच बाबांशी मी चौदा महिने बोलले नव्हते. वेळ बघायला लोकांना फोन पुरायला लागला, दुकान बंद पडलं, आणि नेमकी त्याच महिन्यात मला ही नोकरी लागली. ‘ज्यांनी माझ्या पोटावर पाय दिला, त्यांच्याच दारात चाकरीला चाललीस,’ बाबा म्हणाले. तापटपणात मी त्यांच्यावरच गेलेय. म्हटलं, ‘तुमची घड्याळं आता शोभेपुरती उरलीत, बाबा.’ बोलले आणि जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. दुकानातलं टेबल त्यांनी घरी आणलं होतं; डोळ्याला लावायचं भिंग काढून त्यावरच्या डबीत ठेवलं आणि आत गेले. तेव्हापासून मी आईला फोन करायचे, आणि पलीकडून बाबांचं खाकरणं तेवढं ऐकू यायचं.

तर, तीनेक महिन्यांपूर्वी ‘जुना ग्राहक’ नावाचा एक माणूस माझ्या मागे लागला. दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तो आधीचा रिव्ह्यू पुसायचा आणि नवा लिहायचा. स्टार कायम एकच. ‘सेकंदकाटा बारावर आला की दचकतो.’ ‘हा गजर माणसाला उठवत नाही, घाबरवतो.’ ‘अंधारात तबकडीचा उजेड फार पडतो. शेजारी दुसरंही कुणी झोपलेलं असतं.’ राग याचा यायचा की म्हणणं दरवेळी बरोबर असायचं. सेकंदकाट्याचं मी आमच्या इंजिनिअरच्या डोक्यावर बसून दुरुस्त करून घेतलं आणि मोठ्या दिमाखात तसं कळवलं. पुढच्या सोमवारी उत्तर आलं, ‘सेकंदकाटा सुधारला. आता मिनिटकाट्याकडे बघा. तब्येतीची काळजी घ्या.’ आणि वर पुन्हा एकच स्टार. पण त्याला उत्तर लिहिताना मला मजा यायला लागली होती, हे कबूल करते. इतरांना दोन ओळी, याला सात-आठ.

मग एका शुक्रवारी टीम लीडने मला काचेच्या खोलीत बोलावलं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण बोलते मुख्याध्यापिकेसारखी. आमच्याकडे हिशोब असा, की तुमच्या उत्तरानंतर ग्राहकाने स्टार वाढवले तरच तक्रार सुटली. माझ्या नावावर अकरा तक्रारी न सुटलेल्या होत्या, आणि अकराच्या अकरा त्या एकाच माणसाच्या. ‘महिनाअखेर तुमच्या दोघींपैकी एकीचं काम मशीनकडे जाणार आहे,’ ती म्हणाली. ‘हा आकडा असाच राहिला तर मी काही करू शकणार नाही.’

घरी येऊन मी आईला फोन लावला आणि मनात साचलेलं सगळं ओकले. ‘कोण खडूस आहे कुणास ठाऊक. काम ना धाम. या माणसापायी माझी नोकरी जाणार बघ.’

आई हळूच म्हणाली, ‘अगं, तो खडूस आत अंघोळीला गेलाय.’

‘बाबा?’ मी विचारलं.

‘मीच त्यांना दाखवलं, हे ॲप तुझ्या कंपनीचं म्हणून,’ आई सांगत होती. ‘खालची उत्तरं वाचता वाचता त्यांना तुझं टिकटिक दिसलं. लगेच पाच चांदण्या दिल्या. मशीनचं उत्तर आलं. पुन्हा दिल्या, पुन्हा तेच. मग त्यांच्या ध्यानात आलं. मला म्हणाले, पाच दिल्या की मशीन बोलतं, एक दिली की पोरगी बोलते. तुझी उत्तरं वहीत उतरवून ठेवलीत त्यांनी.’

एवढ्या लोकांच्या मनातलं ओळखायचा पगार घेते आणि घरचा माणूस ओळखता आला नाही. त्यांना काही सांगू नकोस, एवढंच आईला कसंबसं म्हटलं. पण आईच्या पोटात कधी काही राहिलंय?

सोमवारी नऊ वाजता मी माझी यादी उघडली. जुना ग्राहक नव्हता. सव्वानऊला पाच स्टारवाल्यांमध्ये शोधलं, तर तिथे होता. ‘सर्व काटे ठीक. काही तक्रार नाही.’ खाली मशीनने लिहिलं होतं, ‘आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार! असेच आमच्यासोबत राहा.’

बाबांना ठीक म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझी नोकरी वाचावी म्हणून ते गप्प बसले होते, आणि ते मला सोसेना. पाच स्टारवाल्यांना उत्तर द्यायचा आम्हाला अधिकार नाही. मशीनचं उत्तर काढायला तर मुळीच नाही. मी ते काढलं. चष्मिस डोळे वटारून बघत होती. तिथे लिहिलं, ‘बाबा, मिनिटकाटा अजून अडखळतो. तो कुठे अडतो ते आमच्यात कुणालाच कळत नाही. तुमची घड्याळं शोभेची नव्हती. मी चुकले. रविवारी येते, तुमच्या टेबलाशी बसून दाखवा. तुमची टिकटिक.’

जगाने वाचलं तरी वाचू दे.

टीम लीड जागेवरून उठून माझ्याकडे येताना दिसली. तेवढ्यात माझ्या यादीत नवी तक्रार पडली. जुना ग्राहक, एक स्टार. ‘रविवारी म्हणजे किती वाजता, ते लिहिलेलं नाही. घड्याळाच्या कंपनीला हे शोभत नाही.’

उत्तर मी तिथे लिहिलं नाही. टीम लीडला हाताने थांब म्हटलं आणि चौदा महिन्यांनी बाबांचा नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

‘आठ वाजता,’ मी म्हटलं.

पलीकडे ते दोनदा खाकरले.

‘साडेसातला ये,’ बाबा म्हणाले. ‘आठ वाजले की त्या टेबलावर ऊन येतं. तुझ्या डोळ्यांवर येईल.’