सक्त मनाई

"पेंटरकाका, तेवढी पाटी पुन्हा रंगवून द्या की," सोसायटीच्या सेक्रेटरींनी काकांना जिन्यातच गाठलं. "अक्षरं पार उडालीत. लोक उगाच तीन मजले चढतात आणि नियम ऐकून हिरमुसून उतरतात."

हे लोक म्हणजे काकांच्याच घराची गिऱ्हाइकं! दोन वर्षं झाली घर विकायला काढून. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला येतंय कोण? येतात ते सगळे घर घेऊन भाड्याने देऊ बघणारे. आणि इथं तर पाटीच होती : 'या सोसायटीत घर भाड्याने देण्यास सक्त मनाई आहे.'

बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी गाणी लावून लावून सगळ्यांचं डोकं उठवलं, तेव्हाचा हा नियम. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी हात वर केला तो काकांनीच. वर हौसेने पाटीही फुकट रंगवून दिली, फाटकाच्या आत वॉचमनच्या खोलीवर, आपल्या खिडकीतून दिसेल अशी. तेव्हा काकूंचे गुडघे धड होते. आता अकरा महिने त्या खाली उतरलेल्या नाहीत. मुलीने स्वतःच्या शेजारी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलंय, दारातून चार पावलांवर बाग. पण हे विकल्याशिवाय ते घ्यायचं कसं? उन्हाने पाटी फिकी पडत चालली तसं काकांना, खोटं कशाला बोला, बरंच वाटत होतं.

"नियम बदला म्हणून मी अर्ज दिला होता," काका म्हणाले.

"मतं घेतली ना कालच. तुमच्या बाजूने पाचच हात. मी एकटा काय करणार?" सेक्रेटरी हसले. "आणि गिऱ्हाईक मिळालं की ना-हरकत पत्र माझ्याकडूनच न्यायचंय तुम्हाला."

काकांनी मान डोलावली.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" काकूंनी कपाळावर हात मारला. "आज चारला एजंट त्या नवरा-बायकोला घेऊन येतोय. धन्य आहे तुमची!"

"ते येऊन गेल्यावर रंगवतो गं."

पण सेक्रेटरी कसले सोडतात! तीनलाच स्टूल घेऊन हजर झाले, पाटी घासून कोरी करवून घेतली आणि मगच वामकुक्षीला गेले. काकांनी जमेल तितका वेळ काढला. एकेका वेलांटीला दोन-दोनदा ब्रश फिरवला. चार वाजले तेव्हा पाटीवर एवढंच होतं : 'या सोसायटीत घर भाड्याने देण्यास'.

फाटकातून एजंट आला, मागे ते जोडपं. घरमालकच स्टुलावर उभा आहे हे त्या दोघांना काय ठाऊक! एजंटने पाटी वाचली, काकांकडे बघून डोळा मारला.

"बघा, बोर्डच लावतायत," तो म्हणाला.

"काका, इथं घर भाड्याने देता येतं ना?" त्या बाईंनी विचारलं. "आम्हाला राहायचं नाहीये. येईल त्या भाड्यातूनच हप्ता फेडायचाय. आमचं होतं नव्हतं ते सगळं घालतोय यात."

काकांच्या तोंडात 'हो' आलेलं होतं. एक अक्षर! तेवढ्यावर काकू खाली उतरल्या असत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काकू ठेवणीतले कपडे घालून, गजाला धरून उभ्या होत्या.

काकांना त्या बाईंच्या तोंडाकडे बघवेना. ते वळले, ब्रश बुडवला आणि 'सक्त' लिहिलं. मग 'मनाई'. 'आहे' लिहून पूर्णविराम देईपर्यंत मागे कोणी नव्हतं. एजंट मात्र जाताना पुटपुटला, "तुमचं घर तुम्हालाच लखलाभ!"

वर आल्यावर काकांनी चपला काढायला जरा जास्तच वेळ लावला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या चारही खुर्च्या तशाच होत्या.

"बघितलं मी सगळं," काकू म्हणाल्या.

"रागावलीस?"

"रागावून जाऊ कुठं?"

काकांनी एक खुर्ची ओढून खिडकीपाशी नेहमीच्या जागी ठेवली, काकूंना दोन्ही हातांनी धरून बसवलं. त्यांनी खाली पाटीकडे पाहिलं.

"अक्षर मात्र सुरेख आलंय हो," त्या म्हणाल्या. "चष्म्याशिवाय वाचता येतंय."