ताईच्या चालीने

गाडी धाकटा चालवत होता, पण ब्रेक दाबत होते मागच्या सीटवरचे दाजी. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा आणि बुटाखाली रबरी पायपुसणं कुरकुरायचं. एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. त्यांच्या गाडीत लोक बसल्या बसल्या झोपी जात, आणि ती झोप म्हणजे आपल्याला मिळालेलं प्रशस्तिपत्रक, असं ते सांगत. त्या माणसाने गेली तीन वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"दाजी, पाय दुखेल तुमचा," धाकटा आरशात बघून म्हणाला.

"तू समोर बघ, मोजपट्टी," दाजी म्हणाले.

मोजपट्टी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. धाकटा जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला होता आणि सुट्टीतही त्याच्या खिशात टेप असायचा. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याने टेबलांमधलं अंतर मोजलं होतं, असं दाजी शपथेवर सांगत. या मोजण्याच्या खोडीतूनच त्याचं पुस्तक झालं होतं. चोवीस सोप्या वाटांचं पुस्तक, ज्यांना डोंगर आवडतो पण धाप लागते अशा माणसांसाठी. गाडी कुठे लावायची, किती चालायचं, बसायला बाक कुठे आहे, सगळं त्यात होतं. आणि वेळ दिलेली होती ती ताईच्या चालीने.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दाजींची बायको. चालायला निघाली की कुणाचंही कुत्रं दिसलं की थांबणार, रस्त्यातली पानं उचलणार, उचललेली पुन्हा टाकून त्याहून लाल बघणार. धाकट्याने एकदा हातात घड्याळ घेऊन तिला सपाट रस्त्यावर चालवलं होतं. तासाला अडीच किलोमीटर. तेच त्याने पुस्तकाचं माप ठरवलं. ताईच्या चालीने पन्नास मिनिटं, ताईच्या चालीने सव्वा तास. लोकांना ते फार आवडलं. ताईला तर इतकं आवडलं की ती पुस्तक पर्समध्ये घेऊन फिरायची.

आताही ते तिच्या मांडीवर होतं. पानगळीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पिवळी, तांबडी, काही तर भाजल्यासारखी झाली होती, आणि गाडीच्या वाऱ्याने पानं उडून मागे पळत होती. तीन दिवसांची सहल, रोज एक निवांत रस्ता आणि एक छोटी पायपीट. पहिल्या दिवशी तळ्याकाठची वाट झाली. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर उभं राहून थर्मासमधला चहा प्यायले. तिथे एक अनोळखी जोडपं फोटो काढत होतं, त्यांना गाठून ताईने प्रस्तावनेतली ओळ वाचून दाखवली.

"'या पुस्तकातली प्रत्येक वाट मी स्वतः पायी चाललो आहे.' हा माझा भाऊ. तुम्ही अगदी डोळे मिटून जा, याने लिहिलंय म्हणजे झालं."

ते जोडपं कौतुकाने हसलं. धाकटा कपाच्या बुडाशी राहिलेल्या चहात बघत राहिला. ताई गाडीकडे वळली तेव्हा तिचा डावा पाय नेहमीसारखा अर्धं पाऊल मागे राहिला. त्या पायाच्या नडगीत सळई होती.

प्रस्तावनेतली ती ओळ खोटी होती. फार नाही, चोविसातली एकच वाट. पण खोटं ते खोटं, आणि नेमकं ते ताईच्याच पायाशी आलं होतं.

चोविसाव्या वाटेच्या दिवशी त्याचे बूट नवे होते. टाचेला फोड आला होता, पोटात कावळे ओरडत होते, वरून पाऊस भुरभुरायला लागला. धबधब्याकडे जाणारी वाट ओढ्यावरच्या पुलापर्यंत सपाट होती. तो तेवढी चालला. पुलावर उभं राहून त्याने पुढे नजर टाकली, पुढेही सपाटच दिसलं. मग तो मागे फिरला, गाडीत बसून नकाशावर दोरा ठेवून उरलेलं अंतर मोजलं आणि त्याला ताईने भागलं. ताईच्या चालीने चाळीस मिनिटं, सपाट, सोपी. तेवीस वाटा इमानेइतबारे चाललेल्या माणसाने चोविसावी सीटवर बसून उरकली. घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवले तेव्हा त्याला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, ताई आणि दाजी त्या वाटेने गेले. चाळीस मिनिटांचीच तर वाट, म्हणून दुपार कलल्यावर निघाले. पुलापुढच्या वळणानंतर दगडी पायऱ्या लागल्या, शेवाळलेल्या, पानांनी झाकलेल्या. ताई म्हणाली परत फिरू या. दाजी म्हणाले, अगं, सोपी लिहिलंय त्याने, चार पायऱ्या असतील, चल. ते पुढे झाले. मागे ताई घसरली.

दवाखान्यात तिला आत नेलं होतं आणि दाजी बाहेर बाकावर बसले होते. धाकटा धावत पोचला, तर दाजींनी त्याचा हात धरला. "मी वाट चुकलो रे, मोजपट्टी," ते म्हणाले. "पुलापाशी दोन वाटा होत्या. तुझी सपाट वाट उजवीकडची असणार. मी डावीकडे घेऊन गेलो तिला. एकतीस वर्षं एक फाटा चुकलो नाही, आणि आज चुकलो बघ."

खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. दाजी समोर होते, हात हातात होता. पुस्तक चुकलं असेल ही शंकासुद्धा त्या माणसाच्या मनाला शिवली नव्हती. आणि धाकटा म्हणाला, "होतं असं कधीकधी, दाजी."

पंधरा दिवसांनी तो गुपचूप एकटा तिथे जाऊन आला. पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला, उजवीकडची वाटही बघितली. ती पाण्याच्या जुन्या टाकीपाशी संपत होती. दाजी चुकले नव्हते. तो घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हाही त्याने ते पान तसंच ठेवलं. दुरुस्त केलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का केलं म्हणून. आणखी कोण त्या पायऱ्यांवरून गेलं असेल, कोण पडलं असेल, हा विचार आला की तो उठून दुसरं काहीतरी काम काढायचा.

दाजींनी मात्र गाडी विकली. घरच्या समारंभात कुणीतरी चेष्टेत "वाट चुकलेला ड्रायव्हर" म्हणायचं, दाजी सगळ्यांबरोबर हसायचे आणि मग बराच वेळ ताटाकडे बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने पुस्तक उघडलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"आज ही," ती म्हणाली.

"ताई, तिथे नको," धाकटा म्हणाला. "तुझा पाय..."

"सपाट आहे ना? मग माझ्या पायाला काय झालंय? छोट्या, मी उगीच नाही काढलेली ही सहल. तू बरोबर आहेस, तू ह्यांना ती खरी वाट दाखव. एकदा हे त्या वाटेने नीट गेले ना, की डोक्यातलं जाईल. मला पुन्हा ह्यांच्या शेजारी बसून झोपायचंय गाडीत."

दाजींनी दाढी केली होती आणि बुटांना पॉलिश.

गाडी लावली तिथपासून पुलापर्यंत दहा मिनिटं. ताईला वीस लागली. वाटेवर पानांचा घोट्याएवढा थर होता, पावलागणिक चुरचुर आवाज येत होता, आणि ताई त्यातूनही लाल पानं वेचत होती. धाकटा मागून चालत होता. दिवस इतका सुंदर होता की त्याला त्याचा रागच येत होता.

पुलावर ताई कठड्याला टेकली. दाजी काठी घेऊन उजवीकडच्या वाटेने गेले. काठीने पानं सारून जमीन दिसते का बघत, वाकून, सावकाश. झाडांमागे ते दिसेनासे झाले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तिकडे टाकी आहे," ते म्हणाले. "तिथेच संपते. म्हणजे त्याच्या आधीच वळायचं होतं का? पण आधी तर फाटा दिसत नाही. मोजपट्टी, तू कुठून गेला होतास?"

धाकटा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"बुजली असेल वाट," दाजींनी स्वतःच सुचवलं. "इतकी वर्षं झाली. झाडी वाढली असेल, नाही का?"

हो म्हणायचं, बस. दाजींनी उत्तर तयार करून हातात ठेवलं होतं. तो हो म्हणाला असता तर हा माणूस आयुष्यभर त्या बुजलेल्या वाटेचा शोध मनात घेत राहिला असता.

"दाजी, तुम्ही वाट चुकला नव्हतात," धाकटा म्हणाला. "दुसरी वाट नाहीच. वाट पायऱ्यांचीच आहे. मी ती चाललोच नव्हतो. इथे, या पुलावरून परत गेलो आणि गाडीत बसून लिहिलं."

ताईच्या हातातली पानं हातातच राहिली.

"दवाखान्यात," दाजी म्हणाले, "मी बोललो तुला. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"चाललो नव्हतो, हे माहीत होतं. पंधरा दिवसांनी येऊन बघितलं, तेव्हा सगळंच कळलं."

"पंधरा दिवसांनी," दाजी म्हणाले. ते शिव्या देतील, काठी उगारतील असं धाकट्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. दाजींनी फक्त हात पुढे केला. "किल्ली दे."

किल्ली घेऊन ते गाडीकडे निघाले. एकदाही मागे वळले नाहीत.

ताईने पर्समधून पुस्तक काढलं. मागची बाजू बघितली, मग आतलं पान. "ही दुसरी आवृत्ती आहे," ती म्हणाली. "माझा पाय मोडल्यानंतरची. यात पण सोपी लिहिलंयस."

"हो."

"मी सतरा जणांना दिलंय हे पुस्तक, छोट्या. सतरा जणांना सांगितलंय डोळे मिटून जा म्हणून."

"ताई, मला..."

"माफी बिफी नको आता. जा, चालून ये. माझ्या चालीने. मी गाडीत बसते."

तो गेला. वळणानंतर पायऱ्या सुरू झाल्या. कचेरीतली सवय, तो मोजत निघाला. अर्ध्यावर लोखंडी कठडा गंजून संपला होता. पुढचे दगड उताराच्या बाजूला कलले होते आणि पानांखाली कडा कुठे आहे ते पायाला कळत नव्हतं. ताईची चाल त्याला पाठ होती. दहा पावलं, थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, पुन्हा दहा. शहाऐंशीव्या पायरीवर दगड त्याच्या वजनाने हलला आणि तो मटकन खाली बसला. ताई पडली ती इथेच, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तिथे बसून तो रडला, नाक पुसलं, उठला आणि पुढचा आकडा मोजला.

पायऱ्या एकशे चौतीस होत्या. खाली धबधबा होता, अगदी लहानसा. डोहात पिवळी पानं गोल गोल फिरत होती. पुस्तकात त्याने लिहिलं होतं की हे दृश्य डोळ्यांचं पारणं फेडतं. तो ते आज पहिल्यांदा बघत होता आणि ताईने ते कधीच बघितलं नव्हतं.

तो वर आला तेव्हा उन्हं कलली होती. दाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. शेजारी ताई, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून.

"किती?" तिने विचारलं.

"जाऊन येऊन एक तास पन्नास मिनिटं. तुझ्या आधीच्या चालीने."

"आणि आताच्या?"

त्याने तिच्या पायाकडे बघितलं. आयुष्यभर आकडे सांगून पोट भरलेल्या माणसाला आकडा सापडेना.

"आताच्या चालीने तू खाली पोचणार नाहीस, ताई."

"मग तसंच लिही," ती म्हणाली आणि पुस्तक, पेन्सिल त्याच्या हातात दिलं. "नवीन आवृत्तीची वाट बघू नकोस. तोवर त्या सतरा जणांकडे तू जायचंस, माझ्याबरोबर. प्रत्येकाच्या पुस्तकात स्वतःच्या हाताने लिहायचंस. कोण चुकलं होतं तेही सांगायचंस."

तो मागे बसला. दाजी बसायचे तिथे, त्याच पायपुसण्यावर पाय ठेवून. दाजींनी सीट मागे घेतली, आरसा हाताने वळवला. मघापर्यंत त्यात धाकट्याचा चेहरा होता, आता मागचा रस्ता होता. गाडी निघाली. पहिल्या वळणाला धाकट्याला कळलंही नाही की वळण होतं. मैलभरात ताईची मान खिडकीला टेकली आणि तिला झोप लागली.

हमरस्त्याला लागायच्या आधी फाटा आला. धाकटा सवयीने पुढे वाकला. "दाजी, इथे डावीकडे..."

"मला वाट माहीत आहे," दाजी म्हणाले.